आईच्या बेचाळीस साड्या, आणि मला सुईत दोरा ओवता येत नाही

शेवंती | ११ जानेवारी, रात्री ११:५२

आई ऑक्टोबरमध्ये गेली. आजारपण फार नव्हतं, म्हणजे होतं, पण तिने कुणाला कळू दिलं नाही. तेराव्यानंतर सगळे आपापल्या गावी परतले. माझं काम घरून चालतं, म्हणून मी सांगलीत बाबांजवळ राहिले आहे.

परवा पहिल्यांदा तिचं कपाट उघडलं. बेचाळीस साड्या. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे निम्म्याहून जास्त रोजच्या सुती. प्रत्येक घडीत एक चिठ्ठी: कुणी दिली, कधी, कशाबद्दल. "दादाकडून, भाऊबीज ९४." "वास्तुशांत, नणंदेची. रंग आवडला नाही." "स्वतः घेतली. पाचवा वेतन आयोग." ही शेवटची वाचून हसू फुटलं आणि मग बराच वेळ कपाटाचं दार धरून तशीच उभी राहिले.

मावशीचं म्हणणं, गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवू नयेत, देऊन टाक. भाऊ म्हणतो, तुला हवं ते कर. बाबा काहीच म्हणत नाहीत.

मला त्यांची गोधडी शिवावीशी वाटते आहे. पण शिवणातलं मला शून्य कळतं. शाळेत कार्यानुभवाचा रुमालसुद्धा आईनेच रात्री बसून पुरा केला होता. तर विचारायचं असं की हे पस्तिशीत शिकता येतं का, चांगल्या साड्यांना कात्री लावायची का, आणि मुख्य म्हणजे, घरातलं माणूस गेल्यावर तुमच्यापैकी कुणी असं हाताने काही करत बसलंय का? त्याने बरं वाटतं की आपण नुसतं दुःख चघळत बसतो?

चकली | १२ जानेवारी, सकाळी ७:१०

शेवंती, वाचून पोटात कालवलं. "रंग आवडला नाही" लिहून ठेवणारी आई मला फार आवडली.

पाटलीणबाई | १२ जानेवारी, सकाळी ९:३५

अगं, पस्तिशीत काय, माझ्या जाऊबाई साठाव्या वर्षी शिकल्या. गोधडीला एकच टाका लागतो, धावदोरा. सुई खाली, सुई वर. शाळेत पहिला शिकवतात तोच.

आता कात्रीचं. साडी कापायलाच हवी असं कुणी सांगितलं? सहावारी साधारण साडेपाच मीटर लांब आणि सव्वा मीटरला जरा कमी रुंद असते. दोन साड्या लांबीला शेजारी शेजारी जोडायच्या आणि निम्म्यावर दुमडायच्या. झाली पावणेतीन मीटर लांब दुहेरी खोळ. आत अशाच आणखी दोन घालायच्या. चार साड्यांत दोघांना पुरेल अशी गोधडी होते, काठ-पदर शाबूत. आधी मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरून ठेवायचे, नाहीतर आतली साडी गोळा होऊन एका कोपऱ्यात बसते. जमिनीवर पसरूनच शिवायची, टेबलावर नाही. दोरा सुती आणि जाड घे. पॉलिस्टरचा दोरा जुन्या विरलेल्या कापडाला कापत जातो. बोटात अंगुस्तान, म्हणजे धातूची टोपी, घाल, नाहीतर पहिल्या आठवड्यात बोटाची चाळण होते. सिल्क आणि नायलॉन यात आणू नकोस, घसरतात. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सूतच हवं.

आणि तुझा शेवटचा प्रश्न. मी सासूबाईंच्या लुगड्यांची शिवली. आमचं सव्वीस वर्षं पटलं नाही, अगदी सरळ सांगते. त्या गेल्यावर लोक म्हणाले, सुटलीस. मलाही तसंच वाटायला हवं होतं, पण होईना. दुपारची कामं आवरून गोधडी घेऊन बसायचे आणि मनातल्या मनात भांडायचे. एकेक ओळ म्हणजे एकेक भांडण. दिवाळीच्या करंज्यांचं, माझ्या माहेरच्या माणसांना पाट न मांडल्याचं. मधे एकदा त्यांच्या बाजूनेही भांडून पाहिलं आणि लक्षात आलं की एकदोन ठिकाणी त्यांचं बरोबर होतं. हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

गोधडी वाकडीतिकडी झाली. नवरा तीच पांघरतो.

रिकामटेकडा | १२ जानेवारी, सकाळी १०:०२

पाटलीणबाई, दंडवत. म्हणजे दादा रोज रात्री आई आणि बायकोच्या भांडणाखाली झोपतात. तसे सगळेच झोपतात म्हणा, पण इतक्या उबेत नाही.

खडूस | १२ जानेवारी, दुपारी १:२०

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. हल्ली प्रत्येक गोष्टीची थेरपी झाली आहे. चित्र काढा थेरपी, माती मळा थेरपी. आपल्याकडे दहावं, बारावं, तेरावं आणि वर्षश्राद्ध अशी व्यवस्था होती. माणूस गेलं, विधी केले, लोक कामाला लागले. दुःखाला छंद जोडायचं खूळ आपलं नाही.

दुसरं, मावशी म्हणतात त्यात तथ्य आहे. माझे वडील गेले तेव्हा आईने एक वस्तू हलवू दिली नाही. चष्मा, काठी, रेडिओ, अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं. नऊ वर्षं. त्या खोलीत जाताना आम्ही चपला काढायचो. घराचं वस्तुसंग्रहालय होतं आणि जिवंत माणसं तिथे पहारेकरी म्हणून राहतात. साड्या गरजू बायकांना द्या, त्या नेसतील तरी.

निळा पक्षी | १२ जानेवारी, दुपारी २:०५

शेवंती, दुःखाच्या पाच पायऱ्या असतात. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. मला वाटतं तू अजून पहिल्या पायरीवर आहेस. कपाट रिकामं करशील तेव्हा शेवटची पायरी येईल.

रिकामटेकडा | १२ जानेवारी, दुपारी २:०९

पाचच? आमच्या जेजुरीला याहून जास्त आहेत आणि वर भंडारा तरी मिळतो.

सुतारपक्षी | १२ जानेवारी, रात्री ८:४४

मुलगा गेला. २०१९. मोटरसायकल.

मला सुतारकाम येत होतं थोडं. त्या वर्षी मी चौदा स्टुलं केली. घरात माणसं दोन.

बरं वाटतं का, तर नाही. पण रंधा मारताना लाकडाकडे बघावं लागतं. रेषा कुठल्या बाजूने जाते ते बघितलं नाही तर लाकूड फाटतं. तेवढा वेळ दुसरीकडे बघता येत नाही. माझ्यासाठी तेवढंच होतं.

स्टुलं सोसायटीत वाटली. वॉचमनकडे एक आहे. जाता-येता दिसतं.

चकली | १२ जानेवारी, रात्री ८:५०

सुतारपक्षी, काय बोलू. हात जोडते.

मनकवडा | १२ जानेवारी, रात्री १०:३०

मी या व्यवसायात आहे (मानसोपचार), म्हणून दोन-तीन गोष्टी. पांडित्य वाटलं तर सांगा.

निळा पक्षी, त्या पाच अवस्था एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. म्हणजे स्वतः जाणाऱ्यांच्या. मागे राहिलेल्यांना त्या नंतर चिकटवल्या गेल्या, आणि सगळ्यांनी ओळीने चढाव्यात अशा पायऱ्या तर त्या नाहीतच. कुणाला "तू अजून पहिलीवर" असं सांगणं म्हणजे दुःखात नापास करण्यासारखं आहे.

मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं. त्यांचं म्हणणं असं की माणूस हेलकावे खातो. कधी गेलेल्याकडे तोंड करून बसतो, आठवणी उपसतो. कधी पाठ फिरवून वीजबिल भरतो, भाजी आणतो. दोन्ही लागतं, आणि हे मागेपुढे होणं हीच प्रकृती. शेवंतीच्या प्रश्नाकडे त्या नजरेने बघितलं तर गोधडी मजेशीर आहे. कापड आईचं, म्हणजे तोंड तिकडे. पण दोरा संपला, गाठ मारायची आहे, कडा जुळत नाही, ही सगळी आजची कामं.

आता थोडं पाणी ओततो. लिहिण्याने मन हलकं होतं यावर जेम्स पेनेबेकर यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे, विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनातलं जिव्हारी लागलेलं लिहायला लावलं होतं. त्यातून फायदे दिसले. पण पुढे स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्या लोकांवर तसाच प्रयोग केला तेव्हा लिहिणाऱ्यांचं न लिहिणाऱ्यांपेक्षा काही वेगळं झालं नाही. म्हणजे डायरी, रंग, सुई यांतलं काहीच औषधाच्या गोळीसारखं घेऊ नये. करावंसं वाटलं तर करावं.

आणि खडूस यांची नऊ वर्षांची खोली हसण्यावारी नेऊ नका. काही जणांचं दुःख गोठतं. अमेरिकन निदानपुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र नाव मिळालं. मोठ्या माणसांत वर्ष उलटूनही रोजचं जगणं अडलेलं असेल तर मदत घ्यावी. सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ वर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. शेवंती, तुला तीनच महिने झालेत, तुझ्याबद्दल म्हणत नाही. धागा वाचणाऱ्या कुणाला लागेल म्हणून.

ओवी | १३ जानेवारी, सकाळी ६:१५

खडूसकाका, "हे खूळ आपलं नाही" हे मात्र काही केल्या गळी उतरेना, म्हणून पहाटे उठून लिहिते आहे.

ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली, १२९६ साली. त्या प्रसंगावर नामदेवांच्या नावाने अभंगांचं अख्खं प्रकरण आहे. सातशे वर्षं आपण ते म्हणतो आहोत. मित्र गेला म्हणून केलेली रचना आहे ती, दुसरं काय?

बायकांचं तर जातंच होतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या कितीतरी 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर आज ऐकायला मिळतात. त्यात आई गेल्यावर माहेर कसं परकं होतं यावर किती आहेत ते बघा. दहावं-तेरावं पुरुषांनी भटजींसमोर केलं. बायकांनी जात्यासमोर.

माझ्या पणजीचं पहिलं मूल पाळण्यात गेलं. तिच्या तोंडची एक ओवी आमच्या घरात अजून आहे:

दळण सरलं बाई, पीठ सांडलं भरारा
रिता पाळणा माझा, कुणी ओढावा दोरा

पणजीला सही करता येत नव्हती. ती ही ओवी कुठल्या थेरपीत शिकली नव्हती. आणि दळण थांबवायची सोयही नव्हती, घरात चौदा माणसं जेवायला.

खडूस | १३ जानेवारी, सकाळी ९:००

मुद्दा मान्य. पण तुमच्या पणजीबाई दळत होत्या कारण पीठ हवं होतं. ओवी वर आली. इथे उलट चाललंय, आधी दुःख हलकं करायचं ठरवायचं आणि मग त्यासाठी जातं विकत आणायचं.

पाटलीणबाई | १३ जानेवारी, सकाळी ९:१२

सांगलीत जानेवारीत थंडी असते हो. गोधडीपण हवीच असते.

फॉगसिटी | १३ जानेवारी, सकाळी ११:४०

सॅन फ्रान्सिस्कोहून. मी या विषयावर एकच गोष्ट जवळून पाहिली आहे, ती सांगते.

२०२२ च्या जूनमध्ये इथल्या गोल्डन गेट पार्कात एड्सने गेलेल्यांच्या आठवणींची गोधडी हिरवळीवर अंथरली होती, तिची पस्तिशी होती म्हणून. सुमारे तीन हजार तुकडे होते, आणि तरी तो तिचा छोटासा भाग. क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्याला ही कल्पना १९८५ मध्ये सुचली. मोर्चात लोकांनी गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून एका सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली होती आणि लांबून ती भिंत त्याला ठिगळांच्या गोधडीसारखी दिसली. ११ ऑक्टोबर १९८७ ला ती पहिल्यांदा वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर पसरली तेव्हा १९२० तुकडे होते. आज पन्नास हजारांच्या आसपास आहेत, वजन चोपन्न टन.

प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट. साधारण कबरीएवढा. त्या काळात कितीतरी घरांनी मुलांची नावं टाकली होती, अंत्यसंस्कारालाही कुणी येत नव्हतं. मग मित्रांनी शिवायला घेतलं, ज्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती अशा पुरुषांनी. टाके भयंकर आहेत. काही ठिकाणी चक्क गोंदाने चिकटवलंय. कुणाची जीन्स, कुणाचं टेडी बेअर, कुणाच्या शर्टाचे खिसे तसेच ठेवलेले.

मी तिथे गेले ती नवऱ्याच्या ऑफिसची सहल म्हणून. चार तास हलले नाही. घरी आल्यावर वडिलांच्या धोतराची आठवण झाली. ते आम्ही त्यांच्याबरोबरच दिलं होतं.

शेवंती, टाके वाकडे येतील याची काळजी करू नकोस.

धारवाडी पेढा | १३ जानेवारी, दुपारी ४:२५

गोधडीचा विषय निघाला म्हणून. आमच्या बाजूला हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या पट्ट्यात सिद्दी लोक आहेत. आफ्रिकन वंशाचे, बऱ्याच जणांचे पूर्वज पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाटावर आलेले. त्यांच्या बायका कवंद, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात. बघत बसावं असं काम. आपण मधून सुरुवात करू, त्या कडेपासून सुरू करतात आणि गोल गोल आत येत मध्यावर संपवतात. चारी कोपऱ्यांना कापडाची घडी घातलेली फुलं लावतात, त्याशिवाय कवंद पुरं झालं असं मानत नाहीत. जुन्या साड्या, शर्ट, मुलांची झबली, काय वाट्टेल ते लागतं त्यात. घरातल्या कुणाचं काय कुठे आहे ते त्यांना तोंडपाठ.

गुळपोळी | १३ जानेवारी, दुपारी ४:५०

आमची आजी गोधडीचं शेवटचं टोक बंद करण्याआधी आत भाकरीचा तुकडा घालायची. "उपाशी ठेवू नये" म्हणायची.

रिकामटेकडा | १३ जानेवारी, दुपारी ४:५८

आणि मग रात्री उंदीर जेवायला यायचे.

गुळपोळी | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:०३

यायचे! आजोबांच्या पायाशी बरोबर. तरी दर वेळी घालायचीच.

अनुस्वार | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:३०

शेवंतीच्या साड्यांत इरकल आहे का? असेल तर तिला कात्री लावाल तर खबरदार.

धारवाडी पेढा | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४१

इलकल. गावाचं नाव इलकल, बागलकोट जिल्हा.

अनुस्वार | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:४४

गाव तुमचं इलकल, साडी आमची इरकल. माझ्या आजीने शंभर वर्षं इरकलच म्हटलं. उद्या म्हणाल नारायणपेठ पुण्यात नाही.

धारवाडी पेढा | १३ जानेवारी, संध्याकाळी ७:५०

पुण्यातली पेठ वेगळी हो. साडीचं नारायणपेठ तेलंगणात आहे.

(यानंतरचे साड्यांवरचे एकोणीस प्रतिसाद "काठपदर" धाग्यावर हलवले आहेत. इथे मूळ विषयाला धरून लिहावं, ही विनंती. – संपादक)

तानपुरा | १४ जानेवारी, रात्री १२:२०

हा धागा दोन दिवस वाचते आहे आणि थोडा त्रास होतो आहे. सगळ्यांचं काहीतरी जमलेलं आहे. स्टुलं, गोधड्या, ओव्या. उलट अनुभवही इथे असावा म्हणून लिहिते.

मी सोळा वर्षं गाणं शिकले. भाऊ गेला आणि माझं गाणं गेलं. लोक म्हणायचे, रियाजाला बस, मन रमेल. बसले. षड्ज लावला की घसा बंद. भाऊ माझ्या रियाजाच्या वेळी शेजारच्या खोलीत अभ्यास करायचा आणि चुकलं की भिंतीवर टकटक करायचा. मी गायचं, आणि ती टकटक येणार नाही हे ऐकत बसायचं. सहा वर्षं तानपुरा गवसणीत होता. "कलेने दुःख हलकं होतं" असं कुणी म्हटलं की मला अपराधी वाटायचं, जणू मी नीट दुःखसुद्धा करू शकत नाही.

सुरू झालं ते कसं, तर भाचीला शाळेच्या कार्यक्रमासाठी प्रार्थना बसवून हवी होती. ती बेसूर आहे. तिला सुधारता सुधारता मीच गायला लागले, लक्षातही आलं नाही. भिंतीवर टकटक आता मी करते.

सुतारपक्षी | १४ जानेवारी, सकाळी ७:०५

तानपुरा, जमलेलं काही नाही. मला जे येत होतं ते त्याच्या आवडीचं नव्हतं, म्हणून करू शकलो असेन. त्याला क्रिकेट आवडायचं. मी अजून मॅच बघत नाही.

चकली | १४ जानेवारी, सकाळी ८:३०

सुतारपक्षी, हे वाचून मला माझं उमगलं. आई गेल्यावर मी शिवणकाम, भरतकाम कशाला हात लावला नाही, ते तिचं होतं. तिचा गोडा मसाला मात्र करायला घेतला. वहीत प्रमाण असं: "धने – मोठं भांडं. खोबरं – आवडीने. मीठ – नेहमीएवढं." कुठलं मोठं भांडं? नेहमीचं म्हणजे किती? तीन वर्षं झाली, दर उन्हाळ्यात करते, एकदाही तिच्यासारखा झाला नाही. गेल्या वर्षीचा तर काळाकुट्ट आणि कडू. नवरा म्हणाला, हा मसाला आहे की दंतमंजन.

मनकवडा | १४ जानेवारी, सकाळी १०:१५

तानपुरा यांनी लिहिलं ते फार मोलाचं आहे. उपदेश करणाऱ्या आमच्यासारख्यांनी पाठ करून ठेवावं.

सायली_म्हापसा | १४ जानेवारी, सकाळी ११:००

शेवंती, चिठ्ठ्यांचं काय करणार? साड्यांपेक्षा मला त्यांचीच काळजी लागून राहिली आहे. गोधडीच्या थरात घालून शिवल्या तर पहिल्या धुण्यात लगदा होईल.

ओवी | १४ जानेवारी, सकाळी ११:२०

त्या अक्षरावरच टाके घाल. कागद कापडावर टाचून, अक्षर गिरवल्यासारखी उलटी टीप, मग कागद भिजवून काढून टाकायचा. पण मग मूळ चिठ्ठी जाते. त्यापेक्षा आधी झेरॉक्स काढ.

शेवंती | १५ जानेवारी, रात्री १०:४०

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. सुतारपक्षी, तानपुरा, तुम्हाला वेगळं लिहीन. आज इतकंच की अंगुस्तान आणलं. दुकानदार म्हणाला, ताई, हे हल्ली कुणी मागत नाही. मोफत दिलं.

निळा पक्षी | १६ जानेवारी, सकाळी ९:१०

माझं पायऱ्यांचं मागे घेते. कुठेतरी वाचलं होतं, तसंच ठोकून दिलं. सॉरी शेवंती.

शेवंती | ३ मे, रात्री ११:१५

धागा वर काढते आहे, रागावू नका.

फेब्रुवारीत सुरुवात केली. आधी वाटणी झाली. रेशमी आणि ठेवणीतल्या मावशी, वहिनी, आत्येबहिणींना दिल्या. वास्तुशांतीची, रंग न आवडलेली, ज्या नणंदेने दिली होती तिलाच परत गेली, चिठ्ठी काढून. खडूसकाकांचं ऐकून नऊ साड्या आईच्या शाळेत खिचडी करणाऱ्या मावशींना दिल्या. त्यातली एक नेसून त्या परवा रस्त्यात भेटल्या आणि मला क्षणभर उभ्या जागी घाम फुटला. म्हणजे दिल्याने सगळं हलकं होतं असंही नाही.

गोधडीला शाळेच्या चार सुती ठेवल्या. कात्री लावली नाही. पाटलीणबाईंनी सांगितलं तसंच, हॉलमध्ये जमिनीवर. पहिली ओळ शिवायला मला दोन संध्याकाळी लागल्या आणि ती कोयनेसारखी वळणं घेत गेली आहे. एकदा गोधडी माझ्या पंजाबी ड्रेसलाच शिवली गेली, उठले तर तीही उठली.

बाबांबद्दल लिहायचं होतं. ते एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. ऑक्टोबरपासून घरात जेवढ्यास तेवढं बोलायचे. मी शिवायला बसले की पेपर घेऊन गॅलरीत जायचे. मला वाटलं त्यांना बघवत नाही, थांबवावं का. मार्चमध्ये एकदा दोरा ओवताना माझी वीस मिनिटं गेली, मी वैतागून सुई टाकली आणि झोपायला गेले. सकाळी उठले तर पेपरवर दहा सुया ओळीने मांडलेल्या, प्रत्येकीत दोरा ओवलेला, सगळे दोरे एकाच लांबीचे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, म्हणाले, आता बारीक दिसतं मला. तेव्हापासून रोज दहा सुया. मी संध्याकाळी संपवते, ते पहाटे ओवतात.

मग एक दिवस म्हणाले, तुझी ओळ सरळ येत नाही कारण तू डोळ्याने मापतेस. आणि त्यांची स्टीलची टेप आणि खडू घेऊन आले. आता ते रेघ मारतात, मी शिवते. मधे कधीतरी सांगतात, ही नेसून ती बदलीच्या गावी गेली होती, बस बंद पडली, मीच दुरुस्त केली. मी ते कधी ऐकलंच नव्हतं.

चिठ्ठ्या फाईलमध्ये आहेत. फक्त एक कापडावर घेतली, ओवीने सांगितलं तसं झेरॉक्स काढून. कोपऱ्यात लाल दोऱ्याने, आईच्या अक्षरात: पाचवा वेतन आयोग. येणाराजाणारा विचारतो.

अजून एक तृतीयांश बाकी आहे. पण आज वेगळ्याच कारणासाठी आले आहे. आज सुया मोजल्या तर नऊच भरल्या. बाबा शपथेवर सांगतात दहा ठेवल्या होत्या. गोधडीत राहिली असेल तर? भावाची लेक दीड वर्षाची आहे, सुट्टीत येते आहे. सगळी उसवायची का?

पाटलीणबाई | ३ मे, रात्री ११:३१

उसवायची काही नाही! दोन्ही हातांनी ओंजळभर ओंजळभर चाचपत जा, घाई न करता. आणि ओळीचा फोटो टाक.

खडूस | ३ मे, रात्री ११:३८

हाताने चाचपू नका, टोचेल. लोहचुंबक फिरवा, चांगलं जाड. स्पीकरमधलं असतं ते. वडिलांच्या रेडिओतलं माझ्याकडे काढून ठेवलेलं आहे, मिरजेला असतो, हवं तर उद्या आणून देतो.

रिकामटेकडा | ३ मे, रात्री ११:४०

खडूसराव, नऊ वर्षांच्या संग्रहालयातून पहिली वस्तू बाहेर.

खडूस | ३ मे, रात्री ११:४२

झोपा आता.

शेवंती | ४ मे, सकाळी ६:५०

सापडली. बाबांच्या शर्टाच्या कॉलरला खोचलेली होती, दोऱ्यासकट. तसेच दूध आणायला जाऊन आले.

खडूसकाका, तरी चुंबक घेऊन याच. चहाला.